तिचं अभ्यासात लक्ष का लागत नाही?

लायब्ररीतलं कोपऱ्यातलं टेबल. पुस्तक उघडं आहे, शेजारी फोन, स्क्रीन वर करून ठेवलेला. मुलगी एका परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीवर आहे आणि वीस मिनिटं झाली, तिथेच आहे. फोन उजळतो. 'कुठेयस?' 'लायब्ररीत.' 'कोण आहे सोबत?' 'कुणी नाही.' 'फोटो पाठव.' ती फोटो काढते, पण शेजारच्या खुर्चीवरची कुणा मुलाची बॅग दिसू नये म्हणून फोन जरा तिरका धरून. फोटो जातो. निळ्या टिक्स येतात. उत्तर येत नाही. आता तिचं डोकं खरं कामाला लागतं: चिडला का? सकाळी आवाज कसा होता? फोन तिरका धरल्याचं कळलं असेल? परवा असाच गप्प झाला होता, मग काय झालं होतं?

हे चित्र मी रचलेलं आहे. पण हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही विचारा, यातला एखादा तरी तुकडा ओळखीचा निघेल. त्याने तिच्यावर हात उचललेला नाही, निदान अजून तरी. म्हणून कुणी विचारलंच तर ती म्हणेल, "छे गं, तसलं काही नाही. तो जरा पझेसिव्ह आहे, इतकंच." आणि सेमिस्टरच्या शेवटी शिक्षक म्हणतील, हल्ली हिचं लक्षच नसतं.

लक्ष भरपूर आहे. ते सगळंच्या सगळं दुसरीकडे कामाला जुंपलेलं आहे. नात्यातल्या हिंसेने मनाचं काय होतं हे समजून घ्यायचं, तर नैराश्य, चिंता अशा नावांच्या यादीपासून सुरुवात करण्यापेक्षा या लक्षापासून केलेली बरी.

हिंसा म्हणायचं कशाला?

थप्पड, ढकलणं, हात पिरगाळणं, गळा धरणं याला हिंसा म्हणायला कुणाची हरकत नसते. नको असताना केलेली जवळीक, किंवा 'माझ्यावर प्रेम असेल तर' असं म्हणून काढून घेतलेला होकार, इथे मात्र मुली अडखळतात. मेरी कॉस यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांमधल्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या मुलींवर घडलेला प्रकार कायद्याच्या व्याख्येत बलात्कारच होता, त्यांपैकी जेमतेम पाव मुलींनी त्याला तो शब्द वापरला होता. ओळखीच्या, आवडत्या माणसाच्या बाबतीत तो शब्द जिभेवर येतच नाही.

तिसरा प्रकार सर्वांत पसरट: कपड्यांवर, मैत्रिणींवर, वेळेवर पहारा; पासवर्ड मागणं, लोकेशन चालू ठेवायला लावणं; चारचौघांत पाणउतारा; 'सोडून गेलीस तर जीव देईन' किंवा 'ते फोटो सगळ्यांना पाठवीन'. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये यालाच कोअर्सिव्ह कंट्रोल, म्हणजे धाकाने ठेवलेला ताबा, म्हणून सविस्तर मांडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने हा ताबाच गुन्हा ठरला. मारहाण झालेलीच हवी अशी अट त्यात नाही. 'फक्त मानसिक आहे' या 'फक्त'ला तसाही फारसा आधार नाही. डायन फॉलिंगस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मारहाण सोसलेल्या २३४ बायकांशी बोलून एक अभ्यास केला. त्यांतल्या ७२ टक्के बायकांनी मारापेक्षा मानसिक छळाचा परिणाम जास्त वाईट होता असं सांगितलं.

हे किती घडतं? जेम्स मेकपीस या संशोधकाने १९८१ साली कॉलेजमधल्या जोड्यांवर पहिल्यांदा नीट बोट ठेवलं. त्यांच्या पाहणीत दर पाच विद्यार्थ्यांमागे साधारण एकाला अशा हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार, ज्यांचा कधी ना कधी जोडीदार होता अशा १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी जवळपास दर चौथीने जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मुलीही मारतात की. खरं आहे. कॉलेज विद्यार्थ्यांच्या पाहण्यांमध्ये 'मी जोडीदाराला ढकललं, मारलं' असं सांगणाऱ्या मुलींचं प्रमाण मुलांच्या आसपास येतं. पण इजा आणि भीती यांचं पारडं मुलींकडे झुकतं. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये इथे एक उपयोगी फरक केला: भांडण हाताबाहेर जाऊन झालेली झटापट वेगळी, आणि माणसाला कायमचं धाकात ठेवण्यासाठी वापरलेली हिंसा वेगळी. मनाची पडझड प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात होते. ओळखायची सोपी खूण हवी असेल तर माराची मोजदाद करू नका. 'नाही' म्हणताना तिला भीती वाटते का, एवढं विचारा.

डोक्यातला पहारेकरी

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग गजर वाजवतो. काही सेकंदांत ॲड्रिनलिन वाढतं, काही मिनिटांत कॉर्टिसॉल; दोन्ही ताणाची संप्रेरकं. छाती धडधडते, स्नायू ताठतात. त्याच वेळी कपाळामागचं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे विचार करणं, बेत आखणं, वाचलेलं डोक्यात धरून ठेवणं ही कामं करणारा भाग, मंदावतो. कुत्रा अंगावर आला असताना गणित सोडवायचं नसतं, तेव्हा ही व्यवस्था चोखच आहे. पण धोका येऊन जातो तिथे ती चोख. जो धोका कधी येईल ते सांगता येत नाही आणि खिशातल्या फोनमधून कुठेही येऊ शकतो, तिथे गजर बंदच होत नाही.

मग माणूस पहाऱ्यात पटाईत होतो. त्याच्या मेसेजमधला पूर्णविराम, टाइप करतानाची ती नाचणारी तीन टिंबं, जिन्यावरची पावलं, 'हं' म्हणण्याची पट्टी, सगळ्याचा अर्थ तिला क्षणात लागतो. हे कौशल्य आहे, आणि अभ्यासाला लागणाऱ्या तुटपुंज्या भांडवलातूनच त्याचा खर्च भागतो. वाचलेली ओळ पुढची ओळ येईपर्यंत लक्षात ठेवायची जी जागा डोक्यात असते, ती मुळातच चिमुकली. तिथे 'उत्तर का आलं नाही?' हा प्रश्न ठाण मांडून बसला की परिच्छेदाला जागा कुठून मिळणार?

झोपेचंही तेच. पहारेकरी झोपत नाही. रात्री दोनला 'जागी आहेस ना?' येईल आणि उत्तर गेलं नाही तर उद्याचा दिवस खराब, हे ठाऊक असलेली मुलगी झोपते ती एक डोळा उघडा ठेवून. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं, म्हणजे इथे दुहेरी तोटा.

गजर फारच मोठा असेल तर तिसरीच गोष्ट घडते: शरीर गोठतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी हातपाय हलेनासे झाल्याचं, आवाज फुटत नसल्याचं लक्षणीय प्रमाणात नोंदवलं. 'ओरडली का नाहीस?' हा प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं आपण निर्णयाबद्दल विचारतोय. निर्णय घेणारा विभाग तेव्हा नीट चालतच नसतो. आठवणींचंही तसंच: खोलीतल्या पंख्याचा आवाज लख्ख आठवतो, पण आधी काय झालं आणि नंतर काय, याची सांधेजोड होत नाही. नंतर कुणापुढे सांगताना क्रम चुकतो आणि ऐकणारा म्हणतो, बनाव वाटतोय.

'मग सोडत का नाही?'

या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण 'तो मारतो का?' हा त्याच्या आधीचा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसतो. तरी उत्तर देऊ, कारण मानसशास्त्राने इथे खरोखर काही शोधलं आहे.

लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये हिंसेचं चक्र मांडलं: आधी ताण साठत जातो, मग स्फोट होतो, मग पश्चात्तापाचा गोडवा. रडणं, माफी, भेटवस्तू, 'तुझ्याशिवाय मला कोण आहे'. सगळ्याच नात्यांत हे चक्र इतकं रेखीव फिरत नाही, पण तिसरा टप्पा लक्षात घेण्यासारखा आहे. दुसरीकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्याऐवजी मधूनच, अंदाज न देता मिळालं, तर ती सवय मोडायला सर्वांत चिवट. जुगाराच्या मशीनपुढे माणूस याच कारणाने बसून राहतो. दर वेळी हरणारा केव्हाच उठून जातो. मधूनच जिंकणारा उठत नाही.

डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये हे दोन धागे जोडले. एकाच्या हातात सत्ता आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, वर वाईट आणि चांगली वागणूक आलटून पालटून, असं जिथे असतं तिथे बंध सैल पडायच्या ऐवजी घट्ट होतो. या बंधाला ट्रॉमॅटिक बॉंडिंग म्हणतात. जरा जवळून बघू. मंगळवारी त्याने तिला सगळ्यांसमोर मूर्ख म्हटलं. बुधवारी दिवसभर अबोला. गुरुवारी संध्याकाळी तो गेटवर उभा, डोळे लाल, म्हणतो, "मी नालायक आहे गं." दोन दिवस ताठ राहिलेलं तिचं अंग त्या वाक्याने एकदम सैल होतं. ती सुटका इतकी गोड असते की तिलाच प्रेम समजलं जातं. जखम करणारा आणि फुंकर घालणारा एकच. मैत्रिणीची फुंकर पोचत नाही, कारण गजर मैत्रिणीने वाजवलेला नसतो.

आणखी एक जुनी कल्पना इथे वापरली जाते, 'शिकलेली असहायता'. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगात, टाळता न येणारे विजेचे झटके खाल्लेली कुत्री पुढे सुटकेची वाट समोर असूनही पडून राहिली. वर्षानुवर्षं याचा अर्थ असा लावला गेला की मार खाऊन खाऊन माणूस हताश व्हायला 'शिकतो'. पण जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलंच म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही शिकावी न लागणारी, उपजत प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे की, आपल्या करण्याने काही बदलतं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. 'तू एवढी कशी सोसतेस' या वाक्यातला दोष त्याने निघून जातो. आणि मदत कशी करायची तेही कळतं: जिथे तिच्या शब्दाने काहीतरी खरंच बदलतं, अशा छोट्या छोट्या गोष्टी तिच्या हातात परत देणं.

स्वतःवरचा विश्वास

मला विचाराल तर सर्वांत खोल घाव इथे बसतो, आणि सर्वांत कमी बोललं जातं तेही याच्याबद्दलच.

"मी असं म्हणालोच नाही." "तू फार मनाला लावून घेतेस." "तूच मला हे करायला लावलंस." या वाक्यांचा मारा वर्षभर झाला की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं थांबवतो. याला गॅसलायटिंग म्हणतात. हल्ली तो शब्द साध्या मतभेदालाही चिकटवला जातो, तो भाग सोडा. अशा मुली जुने चॅट पुन्हा पुन्हा वाचतात, स्क्रीनशॉट काढून ठेवतात. पुरावा म्हणून ठेवत असतील असं वाटतं, पण बऱ्याचदा ते स्वतःलाच पटवण्यासाठी असतं, की हे खरंच घडलं.

जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात याची दुसरी बाजू दाखवली. ज्याच्यावर आपण भरवसा टाकलाय, ज्याच्यावर अवलंबून आहोत, त्यानेच घात केला, तर तो पूर्णपणे जाणवून घेणं परवडत नाही. कारण जाणवलं तर नातं तुटणार, आणि नातं तुटलं तर पायाखालची जमीन जाणार. म्हणून मन कळूनही न कळल्यासारखं करतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे खोटं बोलणं वाटतं. ती खोटं बोलत नसते, ती तग धरून असते.

याच सवयीने पुढे वर्गातसुद्धा हात वर होत नाही. उत्तर येत असतं, पण आपल्याला येतंय हेच खरं वाटत नाही. विषय निवडणं, इंटर्नशिपला अर्ज करणं, मेसमध्ये कुठे बसायचं, प्रत्येक निर्णयाआधी 'बरोबर आहे ना?' असं कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

डॉक्टरांच्या भाषेतली नावं यानंतर येतात. नैराश्य, चिंता, घाबरण्याचे झटके, खाण्याचे विकार, दारू किंवा गोळ्यांचा आधार, स्वतःला इजा करणं, आणि पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. जॅकलीन गोल्डिंग यांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जोडीदाराची हिंसा सोसलेल्या स्त्रियांमध्ये सरासरी सुमारे ४८ टक्क्यांना नैराश्य आणि ६४ टक्क्यांना पीटीएसडी आढळला. यांतल्या बऱ्याच स्त्रिया निवारागृहांतल्या, म्हणजे जबर हिंसेतून आलेल्या होत्या. प्रत्येक कॉलेज विद्यार्थिनीला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. बाण दोन्ही दिशांनी जातो हेही खरं: हिंसेमुळे नैराश्य येतं, आणि आधीच नैराश्यात असलेली मुलगी अशा नात्यात सापडण्याची शक्यता जास्त असते. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' स्वतंत्रपणे आहे. त्यात भीतीच्या जोडीला भावना न आवरणं, स्वतःची किंमत शून्य वाटणं आणि कुणाच्या जवळ जाता न येणं हेही येतं. लांबलेल्या छळाचं चित्र याच्याशी जास्त जुळतं.

कॉलेजचं वय वेगळं का?

एक तर तुलनेला काही नसतं. पहिलंच गंभीर नातं असेल तर मत्सर हेच प्रेमाचं माप वाटतं. दुसरं म्हणजे नातं तुटलं तरी माणूस दूर जात नाही; तोच वर्ग, तीच प्रॅक्टिकलची बॅच, तोच मित्रांचा कंपू, आणि कंपूने बहुधा बाजू घेतलेली असते. घरी नातं लपवलेलं असेल तर हिंसाही लपवावी लागते, आणि 'तुझ्या घरी सांगू का?' हे वाक्य त्याच्या हातातलं हत्यार बनतं. शिवाय लग्न नाही, एकत्र राहणं नाही, म्हणून मदत मागायला आपण पात्रच नाही असं मुलींना वाटतं. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात २४ वर्षं वयाच्या आत झालेली असते, हेही लक्षात घ्या. नाजूक वयात ओझं पडतंय.

आणि संस्था. कार्ली स्मिथ आणि जेनिफर फ्रेड यांनी २०१३ मध्ये कॉलेजमधल्या मुलींचा अभ्यास केला. लैंगिक अत्याचारानंतर ज्यांना आपल्या संस्थेने हात वर केले, प्रकरण दडपलं किंवा तक्रार अवघड केली असं जाणवलं, त्यांच्यात चिंता आणि इतर आघातलक्षणं जास्त होती. म्हणजे ऑफिसात बसलेल्या माणसाचा सूरसुद्धा आजार वाढवू शकतो.

मैत्रिणींचा सूर तर आणखी जास्त. हिंसेबद्दल पहिल्यांदा कळतं ते बहुतेक वेळा मैत्रिणीलाच. 'तूच त्याला चिडवतेस', 'मी असते तर एक मिनिट थांबले नसते' अशा प्रतिक्रियांनी लक्षणं वाढतात, हे संशोधक सारा उलमन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून पुढे आलं आहे. दुसरं वाक्य आधाराचं वाटतं, पण त्याचा अर्थ तिच्या कानात 'तू दुबळी आहेस' असाच पोचतो. त्यापेक्षा 'सांगितलंस ते बरं केलंस, आता तुला काय हवंय?' एवढं पुरतं. तिने परत त्याच्याकडे जायचं ठरवलं तर रुसू नका. तिला एकटं पाडायचं काम त्याने चालवलंच आहे, त्यात आपला हातभार कशाला?

एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. सोडून जाण्याचा काळ हाच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. त्याने कधी गळा दाबला असेल तर ते 'एकदाच झालं होतं' म्हणून सोडू नका. अमेरिकेतल्या २००८ च्या एका अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रियांचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून अधिक आढळला. शिवाय आतली इजा उशिरा दिसू शकते, म्हणून डॉक्टरकडे जायलाच हवं. अशा वेळी 'आज त्याला तोंडावर सांगून टाक' हा सल्ला धाडसाचा वाटला तरी घातक आहे. कोणाला सोबत घ्यायचं, कुठे राहायचं, फोनचं लोकेशन कधी बंद करायचं, हे आधी समुपदेशकाबरोबर बसून ठरवावं. आणि ती जीव द्यावासा वाटतो म्हणाली, तर तो विषय टाळू नका, तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

सुटल्यानंतर

नातं संपलं की लगेच बरं वाटेल अशी सगळ्यांचीच अपेक्षा असते, तिचीसुद्धा. बऱ्याचदा होतं उलटं. तोवर पहाऱ्यात गुंतलेलं मन मोकळं होतं आणि साठलेलं वर येऊ लागतं. दुःस्वप्नं सुरू होतात, तसला परफ्यूम गर्दीत आला तरी पोटात खड्डा पडतो, आणि लाज वाटावी इतकी त्याची आठवण येते. ही आठवण येणं म्हणजे निर्णय चुकला असं नाही. मधूनच मिळणारं बक्षीस बंद झाल्यावर सवय अशीच ओढते.

उपचार आहेत आणि ते चालतात. पॅट्रिशिया रेसिक यांनी मुळात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांसाठी बसवलेली कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण १२ बैठकांची असते. तिच्यात 'मी त्या रात्री गेलेच नसते तर' असं एखादं अडकून बसलेलं वाक्य कागदावर घेतात आणि त्याची उलटतपासणी करतात: तेव्हा मला काय माहीत होतं? जे नंतर कळलं ते मी आधीच कळल्यासारखं धरतेय का? याशिवाय ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आघाताची आठवण हाताळणं) आणि प्रोलॉंग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना सुरक्षितपणे, हळूहळू सामोरं जाणं) या पद्धती आहेत. गरजेप्रमाणे औषधंही असतात, ती मानसोपचारतज्ज्ञ देतात.

तोवर कॉलेज चालूच असतं. परीक्षेला किंवा असाइनमेंटला मुदत मागताना अर्जात सगळी कहाणी लिहायची गरज नाही. 'प्रकृतीच्या आणि वैयक्तिक सुरक्षिततेच्या कारणाने' एवढ्या शब्दांवर सुरुवात करता येते, सोबत समुपदेशकाची चिठ्ठी जोडावी. मुदतीच्या जोडीने प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागावी, हे बहुतेकींना सुचत नाही. ती मिळाली तर आठवड्यातले ते तीन तास तरी दाराकडे न बघता काढता येतात.